व्हर्नाचा पहिला घाव

व्हर्ना सिकोरा आणि मी, आम्ही एकवीस वर्षं ट्रकच्या कारखान्यात एकाच लाइनवर शेजारी शेजारी उभ्या राहिलो. ती पिकअप ट्रकच्या दारांना रबराची पट्टी बसवायची, मी काचा. ठेंगणी, रुंद खांद्यांची आणि तोंडाने भलती फटकळ. नवरा गेला तेव्हा चौथ्या दिवशी कामावर हजर. कुणी हळहळायला आलं की म्हणायची, "बरं बरं, आता दार धर." पट्टी बसली की हातमोजा काढून कडेने अंगठा फिरवायची, दार लावायची आणि कान द्यायची. आवाज पसंत पडला नाही तर सरळ दोरी ओढून अख्खी लाइन थांबवायची. सुपरवायझर तणतणत यायचा, दार स्वतः एकदा लावून बघायचा आणि मुकाट परत जायचा.

तिचा एकुलता एक मुलगा लाइल. त्याला तिनेच आमच्याकडे चिकटवला, सहा वर्षं स्वतःच्या हाताखाली तयार केला. मग २००६ च्या सुरुवातीला कंपनीने माणसं कमी केली. आमच्यात जो शेवटी आला तो आधी जातो, त्याला इलाज नाही. लाइल गेला. आठ महिने घरी बसला आणि एक दिवस तिच्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "आई, मला टेक्सासमध्ये काम मिळालंय. सॅन अँटोनियोला. जपानी कंपनीत."

"काय बनवतात तिथे?"

"मोठे पिकअप."

झालं! अहो, छोट्या गाड्या जपान्यांनी कधीच्या नेल्या होत्या, मधल्याही नेल्या, आम्ही म्हटलं न्या बाबांनो. पण मोठा पिकअप म्हणजे आमच्या ताटातला घास. आमच्या मिशिगनमधल्या या गावातली घरं, शाळा, दातांचे डॉक्टर, सगळं त्याच्यावर चाललेलं. व्हर्नाने त्या दिवशी पोराला जेवू घातलं, डबा भरून दिला, आणि त्यानंतर दोन वर्षं त्याचा फोन उचलला नाही. मी एकदा समजावायला गेले. "अगं, पोटचं पोर आहे तुझं." तर म्हणे, "तुला पोर आहे का, जिनीव्हा?" मला नाही. मी उठून घरी आले. राग मात्र आला, खोटं कशाला सांगू.

आता आमच्या युनियनच्या सहलीचं सांगते. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, लेबर डेला, युनियनच्या हॉलमागच्या मैदानात ती भरायची. हॉट डॉग, कणसं, बिअर आणि व्हर्नाच्या पोलिश पिअरोगी, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या. मैदानाच्या मधोमध भंगारातून आणलेली एक जपानी गाडी उभी करायची आणि घणाने फोडायची. डॉलरला एक घाव, पैसे गरिबांच्या जेवणाला. माझ्या लग्नाच्याही आधीपासूनची रीत. आणि पहिला घाव व्हर्नाचा, हे ठरलेलं. तिच्याइतका नेमका समोरचा दिवा कुणाला फोडता यायचा नाही.

२००८ साली पेट्रोल गॅलनला चार डॉलरवर गेलं आणि मोठे ट्रक घ्यायला कुत्रं फिरकेना. सहलीच्या आधीच्या शुक्रवारी फाटकावर नोटीस लागली. दुपारची शिफ्ट बंद, नऊशे माणसं घरी. व्हर्नाची नोकरी तिसाहून जास्त वर्षांची, तिला सकाळच्या शिफ्टला घेणार होते. माझं नाव यादीत होतं. हार्लन बोग्ज, आमच्या लाइनचा सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस, त्याचंही होतं.

त्यात सोमवारी सकाळी भंगारवाल्याचा फोन आला, की लोखंडाला भाव आलाय, तुमची गाडी कालच चेपून विकली. म्हणजे मैदानात ताडपत्री अंथरलेली, घण ठेवलेला, तीनशे माणसं भर दुपारी बिअर पीत उभी, आणि फोडायला काही नाही. कुणी हसत नव्हतं. मुलंसुद्धा आयांना धरून बसली होती.

तेवढ्यात एक करडा पिकअप आत वळला. नवाकोरा, चांगला लांबरुंद, जपानी. पुढे टेक्सासची पाटी.

दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्या रस्त्यापलीकडे चर्चच्या आवारात लावायच्या, आत आणायच्या नाहीत, हा आमचा नियम लाइललाही पाठ होता. पण फाटकावरचा माणूस कणीस खायला गेलेला, आणि हा बावीस-तेवीस तास गाडी हाकून आलेला. जुन्या सवयीने सरळ आत घुसला आणि आईच्या ट्रकशेजारी, जिथे सहा वर्षं लावायचा, तिथेच लावून मोकळा झाला. खाली उतरला. डोळे सुजलेले, शर्ट पाठीला चिकटलेला. मागे वळून बघितलं तेव्हा कुठे त्याला कळलं आपण काय केलंय.

गर्दीतून एक आवाज आला. "व्हर्ना, घे! मिळाला बघ ट्रक!"

तो आवाज माझा होता. हो, माझाच. यादीत नाव लागलं होतं माझं, घराचे हप्ते चालू होते, आणि समोर त्याचा तो कोरा ट्रक चमकत होता. तोंडातून निघून गेलं. आधी दोन-चार माणसं हसली. मग हसणं थांबलं आणि लोक पुढे सरकायला लागले.

"आई," लाइल म्हणाला, "नोटिशीचं कळलं म्हणून आलो. तू फोन उचलत नाहीस."

व्हर्ना ताडपत्रीपाशी उभी होती, एवढंच.

हार्लन मध्ये आला. "काय रे, तिकडे मजा आहे ना? आमची पोटं मारून?"

"मजा कसली, हार्लन काका? आमचीही लाइन बंद आहे. तीन महिने एक ट्रक बनणार नाही. भिंती रंगवतोय, मैदानं झाडतोय."

"मग काढलं कितीजणांना?"

लाइल तेव्हा खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. पण तो व्हर्नाचा पोरगा. म्हणाला, "कुणालाच नाही. पगार चालू आहे."

हे म्हणजे आगीत तेल. कुणीतरी बिअरचा डबा फेकला, तो ट्रकच्या दारावर आपटून फेसाळला. मागून हाळी उठली, "फोडा रे!" हार्लनने घण उचलला आणि जाऊन व्हर्नाच्या हातात दिला. "पहिला घाव तुझा. तू नाही मारलास तर आम्ही आहोत."

लाइल ट्रकला पाठ लावून उभा राहिला. "हा इथेच बनलाय, काका. माझ्यासारख्यांनीच बनवलाय. काचेखालचा आकडा वाचा ना!"

आता हा आकडा आमच्यात शाळकरी पोरालाही वाचता येतो. समोरच्या काचेखाली डाव्या कोपऱ्यात पट्टीवर गाडीचा नंबर असतो. एक, चार, पाचने सुरू झाला तर आपल्या देशातला. दोन कॅनडा, तीन मेक्सिको. कुणीतरी वाकून बघितलं. "पाच आहे," तो पडेल आवाजात म्हणाला.

"आणि तुमचा कितीने सुरू होतो, काका?" लाइलने विचारलं.

हार्लनचा लाल ट्रक दोन गाड्या सोडून उभा होता. आमच्याच कंपनीचा, कामगारांच्या सवलतीत घेतलेला. तो नंबर कुणी वाचला नाही, कारण सगळ्यांना माहीत होता. तीन. आमच्याच कंपनीने मेक्सिकोत बनवलेला. हार्लन त्यावर कधी बोलायचा नाही, आम्हीही बोलायचो नाही. तो पोरगा चारचौघांत बोलला.

हार्लनचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने लाइलची कॉलर धरली आणि त्याला ट्रकवर दाबला. मला वाटलं, आता हे ट्रकवर थांबत नाही. आता रक्त सांडणार, आणि सुरुवात माझ्या तोंडाने झाली.

"हार्लन, बाजूला हो," व्हर्ना म्हणाली.

ती घण घेऊन पुढे आली. लोकांनी वाट दिली. हार्लनने कॉलर सोडली. लाइल तसाच उभा. आईकडे बघत म्हणाला, "मार, आई. मी नाही हलणार."

व्हर्ना त्याच्या पुढ्यातून गेली, शेजारच्या तिच्या स्वतःच्या ट्रकपाशी थांबली, पाय रोवले आणि घण फिरवला. समोरचा दिवा फुटून काचा पार माझ्या बुटांपर्यंत आल्या. घण पुन्हा फिरला, दुसरा दिवा गेला. तो ट्रक आमच्या लाइनवरचा. तिने पट्ट्या बसवलेला, मी काचा. पाच वर्षं हप्ते भरून त्याच उन्हाळ्यात तिच्या नावावर झालेला.

खिशातून दोन डॉलर काढून तिने ताडपत्रीवर टाकले. मग वळली आणि थेट माझ्याकडे आली. एवढ्या माणसांतून माझ्याकडेच.

"घे, जिनीव्हा," घणाचा दांडा माझ्या हातात कोंबत ती म्हणाली. "ट्रक पाहिजे होता ना तुला? हा घे. हा मी बनवलाय. तो माझ्या पोराने बनवलाय. माझ्या घरातलं काही फोडायचं असेल तर आधी हे फोडा."

घण जड होता. मी त्या फुटक्या दिव्यांकडे बघितलं, मग तिच्याकडे. ती रडत नव्हती. मीच रडायला लागले, म्हशीसारखी हंबरून, सगळ्यांसमोर. घण हातातून गवतात पडला. कुणी उचलला नाही. हार्लन बिअरच्या पिंपाकडे चालता झाला.

तेव्हा कुठे व्हर्ना पोराकडे वळली. दोन वर्षांतलं पहिलं बोलणं ते.

"ट्रक इथे कशाला लावलास? नियम विसरलास? चर्चच्या आवारात लाव, जा."

"आई..."

"आणि चालत परत ये. पिअरोगी निवताहेत."

त्याने ट्रक मागे घेतला, बाहेर नेला. आम्ही सगळे फाटकाकडे बघत बसलो. मला खात्री होती, हा आता सरळ टेक्सासचा रस्ता धरणार. मी असते तर धरला असता. व्हर्ना फाटकाकडे पाठ करून ताट वाढत होती आणि अर्धं बटाट्याचं सॅलड ताटाबाहेर टेबलावर सांडत होतं.

तो आला. रस्ता ओलांडून, फाटकातून, लोकांच्या मधून एकटा चालत, मान खाली घालून. वाटेत कुणी जागेवरून हललं नाही. आमच्या टेबलापाशी येऊन थांबला. बाकावर जागा नव्हती. व्हर्ना ताट हातात धरून उभी, कुणालाच काही सांगत नव्हती.

मी सरकले.