तिसरी पाकळी

सहदेवने नौदलात जायचं असं देवाने ठरवलं, तेव्हा सहदेव विक्रोळीच्या एका कारखान्यात लोखंडी कपाटाला बिजागऱ्या बसवत होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं ते देवाला, अशी त्या घरची रीत होती.

१९८५ सालचा शिमगा. सहदेवचे वडील धोंडू कणकवलीकडच्या आपल्या गावी गेले होते. गुरवाने रवळनाथाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि मोठ्याने विचारलं, "धोंड्याच्या झिलान खय जावचा, देवा? आरमारात असात तर उजवो दी, पलटणीत असात तर डावो दी." धोंडू हात जोडून उभे राहिले. फार वेळ लागला नाही. उजवी पाकळी सुटली आणि खाली आली. धोंडूंच्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरलं, कारण हा वाद त्यांच्या घरात दोन वर्षं चालला होता आणि मिटवायची ताकद त्यांच्यात नव्हती.

वाद करणारे दोघे. एक नाना, धोंडूंचे थोरले भाऊ. मराठा पलटणीतून नाईक म्हणून निवृत्त झालेले, घाटकोपरच्या भटवाडीत डोंगरावर धोंडूंच्याच चाळीत शेजारच्या खोलीत राहणारे. उन्हाळ्यातसुद्धा सकाळी खाकी स्वेटर घालून ओट्यावर बसत. दुसरे दशरथमामा, सहदेवच्या आईचे भाऊ. नौदलात बोटीवर आचारी होते. त्यांच्या बोलण्यावरून मात्र बोटीवर कॅप्टनच्या खालोखाल त्यांचाच हुकूम चालत असावा असं वाटे.

पोराला फौजेत घालायचं, यावर दोघांचं एकमत होतं. आयटीआय झालेला, उंचापुरा, कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलेला. मुदत संपली की कारखाना घरी पाठवणार हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. प्रश्न एवढाच, की कुठल्या फौजेत?

धोंडू गावाहून परत आले, तेव्हा दोघेही खोलीत येऊन बसले होते. धोंडूंनी पिशवी खाली ठेवायच्या आधीच सांगितलं, "कौल मिळालो. उजवो. आरमार!"

मामांनी मांडीवर थाप मारली. "मी सांगी होतंय! आमी दर्याकडची माणसा. पाण्यातलो माणूस पाण्यातच शोभता."

"तू पाण्यात काय करी होतस रे?" नाना म्हणाले. "कांदे कापी होतस."

"कांदे कापूक तरी बोट लागता, नाना. तुमी आयुष्यभर चलत रवलात."

नाना पाय चोळत बसले. मग म्हणाले, "असो. कौल तो कौल."

शेवंती, सहदेवची आई, प्रसादाची साखर घेऊन पुढे आली. सहदेवने साखर तळहातावर घेतली, पण तोंडात टाकली नाही.

"मी नाही जाणार नेव्हीत," तो म्हणाला.

"भियालो!" नानांचा चेहरा उजळला. "काय हरकत नाय. मग पलटणीत चल."

"भीती नाही. मन नाही. आणि पलटणीतपण जाणार नाही. एअरफोर्समध्ये जाणार. कॉटन ग्रीनला परीक्षा दिली, पास झालो. मे महिन्यात ट्रेनिंगला बेळगावला बोलावलंय."

मामांनी तोंड उघडलं, पण त्याच वेळी विमान आलं. भटवाडीच्या डोंगरावरून विमानं इतकी खालून जात की चाळीत कुणी भांडत असलं तरी मध्येच थांबावं लागे. मामा तोंड उघडं ठेवून बसले, नाना छताकडे बघत राहिले, पत्रे थरथरले. विमान गेलं तेव्हा मामांचा पहिला जोर ओसरला होता.

"देवान आरमार सांगितला," ते म्हणाले, "आणि तू आमका विमान सांगतंस?"

"देवाला विमानाचं विचारलं कुणी? दोनच पाकळ्या लावल्या तुम्ही. तिसरी कुठे लावली?"

"देवाक काय कळत नाय? त्याच्या मनात विमान असता, तर दोनय पाकळ्यो जाग्यार रवल्यो असत्यो!" मामा म्हणाले.

"विमान चालवतलंस तू?" नानांनी विचारलं.

"चालवणार नाही. इंजिनाचा फिटर होणार."

"म्हणजे मेकॅनिक!" नाना हसले. "अरे, त्याका फौज म्हणतत? गॅरेज तर हय घाटकोपरात पण आसा. खाली उतर, डाव्या हाताक वळ."

सहदेवला हे हसणं लागलं. आयटीआयला असताना एकदा मास्तरांनी सगळ्या मुलांना सांताक्रूझच्या विमानतळावर हँगर दाखवायला नेलं होतं. तिथे एका विमानाच्या इंजिनावरचं झाकण काढलेलं होतं आणि एक माणूस खांद्यापर्यंत हात आत घालून, डोळे मिटून काहीतरी चाचपत होता. मुलं पुढे गेली, सहदेव तिथेच उभा राहिला. त्या माणसाने हात बाहेर काढला, तेव्हा त्याच्या दोन बोटांत एवढासा खिळा होता. तो सहदेवला दाखवत म्हणाला, "हा आत राहिला असता तर?" बस, एवढंच. त्या दिवसापासून कारखान्यातली कपाटं सहदेवला नुसती कपाटं वाटू लागली. हे घरी कुणाला सांगावं असं त्याला कधी वाटलं नाही. सांगितलं असतं तर हसले असते, जसे आता हसत होते.

"सहदेवा," आई हळूच म्हणाली, "कौल मोडूचो नसता, बाबा. घरावर येता."

तेव्हा सहदेव जे बोलला, ते त्याने फार दिवस मनात ठेवलेलं असावं.

"संपाच्या वेळी बाबांनी कौल लावला होता ना? गिरणी उघडणार का म्हणून? तेव्हापण उजवाच मिळाला होता. उघडली गिरणी?"

नानांनी मान खाली घातली. संपात गेलेलं गिरणीतलं काम धोंडूंना परत मिळालं नव्हतं. आता ते घाटकोपर पूर्वेला एका गुजराती सोसायटीत वॉचमन होते. आपण रवळनाथाला विचारून, त्याच्या शब्दावर दुसरी नोकरी न धरता थांबून राहिलो, हे त्यांनी आजवर कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. धोंडूंनी गावाहून आणलेला नारळ हातातून खाली ठेवला, पायांत चपला सरकवल्या आणि वॉचमनची टोपी खुंटीलाच ठेवून ते ड्युटीला निघून गेले.

"बापाक लागात असा बोललंस," आई म्हणाली. मग तिने ठरवून, एकेक शब्द टाकत सांगितलं, "जा, खय जातंस थय. मी अडवूचंय नाय. पण कौल मोडून जातलंस तर ह्या घरात तुझ्यासाठी नारळ ठेवूचो नाय. गाऱ्हाणा घालूचा नाय."

हे मात्र सहदेवला जड गेलं. त्यांच्याकडे कुणी लांब निघालं की देवापुढे नारळ ठेवतात आणि घरातला कर्ता पुरुष गाऱ्हाणं घालतो. कोण जातोय, कुठे जातोय, सगळं देवाच्या कानावर घालायचं. प्रत्येक वाक्याला घरची माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात. नाना लढाईवर गेले ते असेच. धोंडू गिरणीत लागायला मुंबईला आले ते असेच. मामा बोटीवर गेले तेही. गाऱ्हाण्यावाचून त्या घरातून आजवर कुणी बाहेर पडलं नव्हतं.

तरी सहदेव नमला नाही. नौदलाच्या भरतीत मामांनी सहदेवचं नाव परस्पर घातलं होतं; तिची वैद्यकीय तपासणी कुलाब्याला होती. त्या दिवशी मामा इस्त्रीचे कपडे घालून फाटकाशी जाऊन उभे राहिले. ओळखीच्या लोकांना सांगून ठेवलं होतं, भाचा येतोय. सहदेव नेहमीसारखा डबा घेऊन विक्रोळीला गेला. संध्याकाळी मामा भटवाडीचा डोंगर धापा टाकत चढून आले.

"माझी अब्रू गेली, शेवंते! दुपारभर उन्हात उभो होतंय. शेवटी तो पहारेकरी म्हणता, काका, तुम्हीच भरती होणार का?"

"मी सांगितलं होतं येणार नाही," सहदेव म्हणाला.

"सांगितलंस म्हणून काय झाला? माका वाटला, कौलाक मान देतलंस."

"मामा, बोटीवर तुम्हाला जायचं होतं. तुम्ही गेलात, सुखी झालात. मला नाही जायचं, तर माझ्या तोंडात तुमचा घास कशाला कोंबता?"

मामा उठले आणि गेले. जाताना भाच्याच्या पाठीवर हात ठेवला नाही.

त्यानंतर घरात बोलणं कामापुरतंच राहिलं. आई जेवायला वाढी, पण ताटाकडे बघून. वडील रात्रपाळी मागून घेऊ लागले. सहदेवने पत्र्याची ट्रंक आणली, तिच्यावर आपलं नाव रंगवलं. नाना ओट्यावरून बघत होते. "अक्षर बरा आसा," एवढंच म्हणाले. बेळगावला मराठा पलटणीचंही केंद्र आहे, नानांची स्वतःची उमेदवारी तिथेच झालेली. पोरगा बेळगावला जाणार आणि तरी पलटणीत नाही, हे त्यांना गिळवत नव्हतं आणि थुंकताही येत नव्हतं.

निघायचा दिवस उजाडला. धोंडू ड्युटीवरून घरी आले होते. नाना दारात येऊन टेकले. मामा आले नाहीत. आई आत स्टोव्हपाशी बसून वाटेसाठी घावणे घालत होती. देव्हाऱ्यासमोर काही नव्हतं. पाट नाही, नारळ नाही.

सहदेवने ट्रंक उघडली, कपड्यांखालून एक नारळ काढला. त्याने तो आदल्या दिवशी बाजारातून आणून ठेवला होता. पाट मांडला, तांदूळ पसरले, त्यावर नारळ ठेवला आणि कर्त्या पुरुषाने बसायच्या जागी स्वतः बसला.

"ह्या काय?" नाना कडाडले. "बाप जिवंत आसा, मी जिवंत आसंय, आणि पोर गाऱ्हाणा घालता?"

"तुम्ही घाला, नाना. मी उठतो."

नानांनी दाराबाहेर तोंड फिरवलं.

"बाबा, तुम्ही?"

धोंडू भिंतीकडे बघत राहिले.

मग सहदेवने हात जोडले. मुंबईत वाढलेला पोरगा, मालवणी त्याला ऐकूनच येत होती.

"बा देवा, रवळनाथा म्हाराजा! तुझा लेकरू सहदेव आज घर सोडून भायर पडता हा. हो नारळ तुका विचारूक ठेवलेलो नाय. सांगूक ठेवलेलो हा."

तो थांबला. साथ द्यायची जागा होती. कुणी दिली नाही. स्टोव्हचा आवाज तेवढा येत होता.

"माझ्या बापाशीन तुका दोन वाटो विचारल्यो. तू एक दाखवलंस. तुझी काय चूक नाय. बापाशीचीय चूक नाय. तिसरी वाट मी घरात सांगूकच नव्हती, मग तो तुका कशी सांगतलो? तेका मी नको ता बोललंय. ता माझ्या पदरात घाल, तेच्या घालू नको."

पुन्हा तो थांबला. पुन्हा कुणी बोललं नाही. पण धोंडूंनी भिंतीवरची नजर काढून पोराच्या पाठीवर ठेवली.

"पण ती वाट मी धरलंय, म्हाराजा. आता सोडूचंय नाय. तू रागावलंस तरी सोडूचंय नाय. रागावचा असात तर माझ्यार रागाव, घराक हात लावू नको."

स्टोव्ह बंद झाला. आतून आईचा आवाज आला, "व्हय म्हाराजा."

"विमानाच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालतलंय. त्या हाताक यश दी."

"व्हय म्हाराजा," धोंडू म्हणाले.

"काय चुकला-माकला असात तर पोटात घे, आणि..." सहदेव अडखळला. पुढचं त्याला येत नव्हतं. त्याने नारळाला हात लावला आणि तो उठू लागला.

"थांब!" नाना ओरडले. "बस खाली! राखणदार खय? गावच्या राखणदाराचा नाव न घेता गाऱ्हाणा पुरा होता? मेल्या, घालूचाच आसा तर धड घाल!" ते दारातून आत आले, गुडघा धरून पाटाशेजारी बसले. "म्हण माझ्यामागून. बा राखणदारा म्हाराजा..."

"बा राखणदारा म्हाराजा..."

"वाटेत, घाटात, खय असात थय ह्या लेकराच्या पाठीशी उभो रव."

सहदेवने म्हटलं. आणि नानांनी परेडच्या मैदानावरचा आवाज काढून असं काही 'व्हय म्हाराजा' ठोकलं, की समोरच्या खोलीतली माणसं बाहेर येऊन बघू लागली.

ट्रंक धोंडूंनी उचलली. सहदेव नको म्हणत असताना खांद्यावर घेऊन डोंगर उतरले. बस यायच्या वेळी धोंडूंनी विचारलं, "तो हात घालूचा म्हणालंस, तो खराच खांद्यापर्यंत जाता?"

"जातो, बाबा."

"गिरणीत मागाच्या यंत्रात आमचोय जाय," धोंडू म्हणाले.

सहदेव पुढे पुष्कळ वर्षं वायुदलात फिटर होता. मोठा हुद्दा वगैरे काही मिळाला नाही. मामांचा राग गणपतीपर्यंत टिकला, आणि मोदक खाताना गेला. नाना मात्र शेवटपर्यंत चाळीत कुणी विचारलं की "आमचो सहदेव? बेळगावाक गेलो, आमच्याच बेळगावाक," एवढंच सांगत, आणि ऐकणाऱ्याला काय वाटायचं ते वाटू देत.

सहदेव गेला त्याच्या पुढच्या शिमग्याला धोंडू गावी गेले. गुरवाने ओल्या पाकळ्या हातात घेऊन विचारलं, "काय रे धोंड्या, औंदा कसलो कौल लावूचो?"

"पाकळ्यो ठेव," धोंडू म्हणाले. "औंदा विचारूचा काय नाय. सांगूचा आसा."