प्रेमराजच्या नावाची मूठ

प्रेमराजनाना पाटील आयुष्यात फारसं खोटं बोलले नव्हते, पण त्याचं श्रेय त्यांना देण्याचं कारण नाही. वरणगावच्या फॅक्टरीत चौतीस वर्षं टूलरूममध्ये गेली. तिथे केसभर माप चुकलं तरी माल परत येतो, खोटं बोलायला जागाच नसते. निवृत्त झाल्यावर त्यांनी जळगावला मेहरूणमध्ये घर बांधलं, मागे पत्र्याची शेड टाकली, तीत जुना लेथ बसवला आणि गल्लीतल्या लोकांचे पंप आणि शिलाई मशीनं फुकटात नीट करून देऊ लागले. असा हा सरळ माणूस एकसष्टाव्या वर्षी एका म्हातारीच्या ओट्यावर बसून, तिच्याच हातचा चहा पीत, धडधडीत खोटं बोलला. तेही एका गंजक्या गाडीसाठी!

गाडी साधीसुधी नव्हती, हे मात्र कबूल केलं पाहिजे. १९५१ सालची विलायती एम.जी. दोनच सीटची, कापडी टपाची, लांब नाकाची. नाना धुळ्यात वाढले. वडिलांचं आग्रा रोडला सायकलचं दुकान होतं आणि ही गाडी तिथल्याच एका डॉक्टरांची. डॉक्टरांचा ड्रायव्हर रोहिदास टायरात हवा भरायला दुकानासमोर थांबायचा. एकदा त्याने आठ वर्षांच्या प्रेमराजला शेजारी बसवलं, पांझरेच्या पुलापर्यंत नेऊन आणलं, हॉर्नही वाजवू दिला. उतरवताना प्रेमराजने असा काही गळा काढला की वडिलांनी भर रस्त्यात दोन ठेवून दिल्या. ही गोष्ट नानांच्या बायकोने, दिपमालाबाईंनी, लग्नापासून इतक्या वेळा ऐकली होती की नाना मध्येच थांबले तर पुढची त्या सांगत.

आणि पन्नास वर्षांनी, गेल्या पौषात, नाना एका साखरपुड्याला साक्रीला गेले असताना चहाच्या टपरीवर त्याच गाडीचं नाव निघालं. डॉक्टरांनी म्हातारपणी ती रोहिदासला देऊन टाकली होती. रोहिदास जाऊन नऊ वर्षं झाली. मूलबाळ नाही. बायको झुंबरबाई एकटी राहते आणि गाडी घरामागे पडून आहे.

"नाशिकहून लोक येऊन गेले, पण बाई देत नाही," टपरीवाला म्हणाला. "गाडी भाऊबंदकीबाहेर जाऊ द्यायची नाही, असं नवरा सांगून गेलाय. हिवरखेड्याचे पाटील ते. एकदा बोलले की बोलले."

साखरपुड्याचं जेवण तसंच राहिलं. अर्ध्या तासात नाना झुंबरबाईंच्या घरामागे उभे होते.

कडब्याच्या छपराखाली गाडी होती. बॉनेटवर कोंबड्या बसल्या होत्या आणि ड्रायव्हरच्या सीटवर एकीने अंडं घातलं होतं. तळाचा पत्रा गंजून गेला होता, त्यातून गवत वर आलं होतं. बॉडीच्या आतली लाकडी चौकट वाळवीने खाल्ली होती. नानांनी हॉर्नच्या बटणावर अंगठा फिरवला, धूळ गेली आणि खालचं काळं बटण दिसलं.

पुढे ओट्यावर चहा आला. झुंबरबाईंनी सत्तरी ओलांडली होती. बाई अंगाने किडकिडीत, पण नजर पक्की.

"तुम्ही कोनता गावना पाटील?" त्यांनी विचारलं.

खान्देशात पाटलांना तोटा नाही, म्हणून हा प्रश्न सगळ्यांत आधी येतो. नानांचं मूळ गाव अमळनेरकडचं. ते सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "हिवरखेडाना. आजा धुळाले उना, मंग आम्ही तठलाच व्हई गयात." आणि एवढ्यावर न थांबता, दारात शिरताना ज्यांना 'अक्का' म्हटलं होतं त्यांना ते म्हणाले, "वहिनी."

झुंबरबाईंचा चेहरा एकदम खुलला. "मंग आधी नही का सांगानं भाऊ! भाऊबंदले कोन इकस? लई जा."

त्यांनी एक पैसा घेतला नाही. टेम्पो सुटताना बॉनेटला हळदकुंकू लावलं आणि पदराने डोळे पुसले. टेम्पोत पुढे बसलेल्या नानांना आनंदाने वेड लागायचं बाकी होतं. लाज वाटायला सुरुवात झाली ती धुळं ओलांडल्यावर. आणि ती जी चिकटली, ती सुटली नाही.

सात महिने नाना शेडमधून बाहेर निघाले नाहीत. कुजलेली चौकट काढून सागाची नवी बसवली. तळाला नवा पत्रा मारला. इंजिन पार सुटं करून केरोसिनमध्ये भिजत घातलं. तिथे एक गंमत निघाली. बोल्टची डोकी विलायती मापाची, पाना बरोबर बसायचा. म्हणून नानांनी तसलेच विलायती नट लावले, तर एकही धड बसेना. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं की आटे मिलिमीटरचे आहेत.

"बाहेरून दाखवायचं एक आणि आत भलतंच," नाना चिडून दिपमालाबाईंना म्हणाले, आणि स्वतःच चपापले. त्या दिवशी जेवणही नीट गेलं नाही.

पंधरा दिवसांनी एकदा झुंबरबाईंचा फोन यायचा. सासरी धाडलेल्या पोरीची करावी तशी चौकशी. "नांदस का बराबर?" मग भाऊबंदकीतल्या बातम्या, कोणाचं लग्न ठरलं, कोण आजारी आहे. नाना हूं हूं करत. एकदा त्यांनी आज्याचं नाव विचारलं, तर नानांनी रेंज नसल्याचं सोंग केलं. एक खोटं पोसायला रोज नवीन खोटं लागत होतं आणि त्यांना स्वतःचीच शिसारी येऊ लागली होती. ही बाई आपल्याला माणूस समजते, आणि आपण चोर आहोत, असं त्यांना साफ वाटायचं. तरी खरं सांगावं म्हटलं की समोर गाडी दिसायची.

श्रावण लागला. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी फोन आला. नानांचे हात ग्रीसने भरलेले, म्हणून दिपमालाबाईंनी तो स्पीकरवर लावला.

"प्रेमराज भाऊ, येता रविवारे कानबाई शे. नऊ वरीस व्हई गयात, मन्हा घरनी मूठ निंघनी नव्हती. यंदा तुन्हा नावनी मोजी मी. सोमवारे रोट खावाले ये." आणि एवढं बोलून बाईंनी फोन ठेवला.

कानबाई खान्देशातल्या घराघरांत बसते. तिच्या रोटांचे गहू घरातल्या पुरुषांच्या नावाने मोजतात, दर माणशी सव्वा मूठ. तो रोट भाऊबंदांनीच खायचा. परक्याला द्यायचा नाही, टाकायचा नाही, पौर्णिमेच्या आत संपवायचा. ज्या घरात पुरुष नाही त्या घराची मूठ नाही. रोहिदास गेल्यापासून झुंबरबाई भाऊबंदांकडे कानबाईला जात होत्या, पण रिकाम्या हाताने.

दिपमालाबाईंनी गॅस बंद केला. "अहो, तुम्ही काय सांगितलंत त्या बाईला?"

नानांनी सगळं सांगितलं. सांगताना ते बायकोकडे न बघता बोटांवरचं ग्रीस पुसत होते.

"गाडी आणलीत, मी बोलले नाही," दिपमालाबाई म्हणाल्या. "अंगणात लोखंडाचा ढीग झाला, बोलले नाही. पण दुसऱ्यांच्या कानबाईचा रोट खाणार तुम्ही?"

"नाही जात. ताप आला म्हणून कळवतो."

"आणि त्या मुठीचं काय? तुमच्या नावाने मोजलीये. कुणाला देता येणार नाही की फेकता येणार नाही. म्हातारीने वाट बघत बसायचं?"

खरं सांगावं तर बाईंची नऊ वर्षांनी निघालेली मूठ खोटी ठरते. न सांगावं तर देवाच्या अन्नात खोटं कालवायचं. रविवारी अमळनेरकडे त्यांच्या स्वतःच्या भाऊबंदांनी नेहमीसारखी त्यांची मूठ मोजली. एका माणसाच्या दोन मुठी! त्या रात्री अंथरुणात ते तळमळत राहिले.

सोमवारी जळगावहून धुळं आणि धुळ्याहून साक्री. एसटीत त्यांनी एकच वाक्य शंभरदा घोळवलं. दारात पाऊल टाकलं आणि ते वाक्यच विसरले. झुंबरबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. भिंतीवरचा रोहिदासचा फोटो पुसून त्याला हार घातला होता. खाली पाट आणि पाटासमोर ताट, ताटात रोट, गंगाफळाची भाजी, खीर.

"बठ भाऊ," त्या म्हणाल्या. "विसर्जन करीसन आतेच उनू. लोके इचारेत, झुंबर, तुन्ही मूठ कोनी? मी सांगं, मन्हा देरनी."

देर म्हणजे दीर. नाना पाटावर बसले. रोटाचा तुकडा मोडला. तुकडा हातातच राहिला, हात वर जाईना. समोर म्हातारी आशेने बघत होती.

"अक्का," नाना म्हणाले, "मी हिवरखेडाना नही. आम्ही अमळनेरकडना. गाडीना करता मी तुमले खोटं सांगं."

झुंबरबाईंनी नानांच्या हातातला तुकडा काढून घेतला, ताटात ठेवला आणि ताट आपल्याकडे ओढलं.

"पाटवरथीन ऊठ," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. चढला असता तर नानांना बरं वाटलं असतं.

नाना उठले, उंबऱ्यापाशी जाऊन उभे राहिले. "गाडी परत आनी देस मी."

"आनीसन काय करू? कोंबड्या आते दुसरीकडे बठतस."

मग नानांना राहवेना. आपण कोण, ते त्यांनी पहिल्यांदा खरं सांगितलं. आग्रा रोड, सायकलचं दुकान, टायरातली हवा, पांझरेचा पूल. खांद्यावरच्या रुमालाने डोळे पुसत ते बोलत होते, एकसष्ट वर्षांचा माणूस.

झुंबरबाईंनी मान वर केली. "सायकलवालाना पोऱ्या? उतारी दिधा तं गैरा रडना तो?"

"तोच."

बाईंनी रोहिदासच्या फोटोकडे पाहिलं. "त्या कितला डाव सांगेत तुन्ही गोट. अरे, भाऊबंदकीनं काय लई बठना तू! गाडी कोनी भंगारमा देवाले नको, म्हनीसन त्यासनी तसं सांगं व्हतं. हाईच आधी सांगं ऱ्हातं तं गाडी तुले तशीबी दिधी ऱ्हाती." त्यांनी ताटातल्या रोटाकडे पाहिलं. "मूठ मातर मोजी नही ऱ्हाती."

नानांना वाटलं, यापेक्षा दोन कानाखाली बसल्या असत्या तर सोसल्या असत्या. गाडी खरं बोलूनही मिळाली असती. खोट्याने मिळवलं ते एवढंच, की एका एकट्या बाईला चारचौघांत दीर मिळाला आणि आठ दिवसांत गेला.

झुंबरबाई उठल्या, चुलीवर चहा ठेवला आणि कप आणून उंबऱ्याबाहेर त्यांच्या हातात दिला.

"पी. चहाले भाऊबंदकी लागत नही."

मग त्या आत जाऊन पाटावर बसल्या आणि प्रेमराजच्या नावाचा रोट खाऊ लागल्या. टाकता येत नव्हता आणि द्यायला कुणी नव्हतं. रोट जाड होता आणि बाईंना दात थोडेच उरले होते. भाजीत बुडवून, मऊ करून, एकेक तुकडा त्या सावकाश चावत होत्या. ओट्यावर पाठमोरे बसलेल्या नानांना ते चावणं ऐकू येत होतं. हातातला चहा गार झाला. धुळ्याची चारची एसटी गेली, पाचचीही गेली. आतलं ताट रिकामं होईपर्यंत नाना जागचे हलले नाहीत.