अन्नपूर्णामामींचा हेडफोन

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या अन्नपूर्णामामींनी नोकरीची सगळी वर्षं कानाला हेडफोन लावून काढली, आणि निवृत्त झाल्यावर पुन्हा हेडफोनच लावून बसल्या. फरक एवढाच, की तेव्हा त्या सगळ्यांचं ऐकण्यासाठी लावत होत्या आणि आता कोणाचंच ऐकू येऊ नये म्हणून लावतात.

मामी आवडी नावाच्या इथल्या गावातल्या संरक्षण कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होत्या. ह्या साहेबाला स्टोअर जोडून दे, त्या साहेबाला कॅन्टीन जोडून दे, तिसऱ्याच्या बायकोला साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणून सांग. "अस्क्यांचं ऐकून ऐकून कान किटले," असं त्या म्हणतात. अस्के म्हणजे सगळे. मामी तंजावरकडच्या, त्यांचं मराठी तिकडचं. मी साताऱ्याची, बँकेने इकडे दक्षिणेत, अंबत्तूरला बदली केली म्हणून आलेली. पहिल्या भेटीत मी मोठ्या थाटात माझं 'शुद्ध' मराठी त्यांच्यापुढे मांडलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "तुझं मराठी टीव्हीतल्यासारखं आहे." मला राग आला, पण कॉफी इतकी फक्कड होती की तो टिकला नाही. तेव्हापासून मी त्यांना इथल्या रीतीने मामी म्हणते आणि त्यांच्या यजमानांना, तुकोजीरावांना, मामा.

आमच्या गल्लीत शांतता नावाची चीज औषधालाही सापडायची नाही. इमारतीच्या समोर पत्र्याचे भाग ठोकणारं प्रेसचं वर्कशॉप आहे, ते सकाळीच धाड् धाड् सुरू होतं. कोपऱ्यावर अम्मन देवीचं देऊळ, आडी महिन्यात, म्हणजे इथल्या आषाढात, त्याच्या कर्ण्यांना झोप नसते. खाली शेअर ऑटोवाले एकमेकांवर आणि गिऱ्हाइकांवर ओरडत असतात. घरात मिक्सर, इडलीच्या पिठाचा ग्राइंडर, कुकर. आणि ह्या सगळ्यावर कडी म्हणजे आमचे तुकोजीमामा.

मामा माणूस लाखातला, पण तोंड बंद ठेवणं त्यांना जमत नाही. पेपर मोठ्याने वाचतात, आणि नुसत्या बातम्या नव्हे, जाहिरातीसुद्धा. मग प्रत्येक बातमीवर मत, मग सांबारावर मत. मीठ कमी, चिंच जास्त, कढीलिंब काळा पडला. चांगलं झालंय असं म्हणताना त्यांना कोणी ऐकलेलं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "चांगलं असलें तर जेवतों की! अजून काय सांगायचें?"

तर हा हेडफोन. मामींच्या मुलाचं नाव नवीन, तो बंगळुरात असतो. पोंगलला आला होता तेव्हा स्वतःचा जुना हेडफोन इथेच टाकून गेला. बाहेरचा आवाज खाऊन टाकणारा, चांगल्यातला. मामींनी एका सकाळी तो सहज डोक्यावर चढवला, बटण दाबलं आणि जागच्या जागी बसल्या. प्रेस गेला. कर्णा गेला. मामांचे ओठ हलत होते, पण मामाही गेले. तासाभराने त्या माझ्याकडे आल्या, डोळे ओले. "कौमुदी, मला माझा श्वास ऐकूं आला गं," म्हणाल्या. "जन्मात पहिल्यांदा." मी त्यांना बसवलं आणि चहा केला.

मग मामी सुटल्याच. मिक्सर लावताना हेडफोन, शेअर ऑटोत हेडफोन, आडी महिन्यात तर देवळात जातानासुद्धा हेडफोन. आत काही वाजत नसायचं, नुसती शांतता. कांचीवरमच्या सुती लुगड्यावर, मोगऱ्याचा गजरा सांभाळून घातलेला तो काळा हेडफोन बघून भाजीवाल्या बाईने एकदा खुणेने विचारलं, कुठलं गाणं? मामींनी तो उतरवून तिच्या कानांवर ठेवला. बाई क्षणभर ऐकत राहिली आणि म्हणाली, "ह्यात काहीच नाही की!" मामी म्हणाल्या, "तेच तर."

नुकसानही झालं, नाही असं नाही. कुकरच्या शिट्ट्या ऐकू न आल्यामुळे डाळीचं पिठलं झालं. सिलिंडरवाला दार ठोठावून परत गेला. पण मामी ऑपरेटर होत्या, त्या वाट काढणाऱ्या. कुकरच्या शिट्टीचं वजन उडताना बघून त्या बोटावर शिट्ट्या मोजायला लागल्या. घरातल्यांना सांगून टाकलं की सकाळी प्रेस सुरू झाल्यापासूनचा एक तास त्यांचा. त्या वेळी खिडकीशी खुर्चीत त्या डोळे मिटून बसणार आणि कोणी हात लावायचा नाही, दचकायला होतं. आयुष्यभर कोणाकडे काही मागितलं नव्हतं बाईने. हा एक तास मागितला.

नेमक्या त्याच तासात मामांची गिंडीला जायची वेळ.

मामाही आवडीतल्याच कारखान्यातून निवृत्त झालेले, पण घरी बसणं त्यांच्या रक्तात नाही. गिंडीला पद्मनाभ नावाच्या एका तरुण मालकाचा लहानसा कारखाना आहे. तिथे माल बाहेर पडण्याआधी सुटे भाग तपासायला ते जातात. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात डबा. सत्तरीतल्या माणसाला सकाळी तयार होऊन कुठेतरी जायचं असतं, ही मोठी गोष्ट आहे. सेंट्रल स्टेशनपर्यंत एक गाडी आणि तिथून दुसरी. पहिली चुकली की सगळंच चुकलं.

आता ह्या घराची एक रीत सांगायला हवी. बाहेर पडताना तिथे कोणी 'जातो' म्हणत नाही, 'जाऊन येतों' म्हणतात. ते आपल्याकडेही आहे. पण आपल्याकडे कोणी उत्तर दिलं नाही तर आपण चपला घालतो आणि चालू लागतो. मामांचं तसं नाही. घरातल्या माणसाने 'जाऊन या' म्हटल्याशिवाय त्यांचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नाही. एकदा तसेच गेले होते म्हणे, तर बस बंद पडली, छत्री उलटी झाली आणि नव्या चपलेचा अंगठा तुटला. तेव्हापासून कानाला खडा.

मी हे सगळं माझ्या दारातून पाहत होते. मामा उंबऱ्याशी उभे राहून म्हणायचे, "जाऊन येतों." मामी खिडकीशी, डोळे मिटलेले. उत्तर नाही. मग रीतीप्रमाणे मामा परत आत जायचे, खाली बसायचे, घोटभर पाणी प्यायचे आणि नव्याने निघायचे. "जाऊन येतों." पुन्हा शुकशुकाट. बायकोच्या खांद्याला हात लावायचा नाही हे ठरलेलं, आणि मागून घेतलेल्या 'जाऊन या'ला काही अर्थ नाही हेही त्यांचं ठरलेलं. तोवर गाडी अंबत्तूर सोडून गेलेली असायची. मग नाइलाजाने देवापुढे हात जोडून ते पुढच्या गाडीने निघायचे.

असं होता होता पद्मनाभने त्यांना सांगितलं, "सार, पुढल्या महिन्यापासून वेळेवर या, नाहीतर घरी विश्रांती घ्या." विश्रांती हा शब्द मामांना शिवीसारखा लागला. दुसऱ्या दिवशी मी डबा भरून, एक चप्पल पायात आणि एक हातात अशा अवस्थेत असताना माझी बेल वाजली. दारात मामा.

"कौमुदी," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "जाऊन येतों."

मी घाईत म्हटलं, "बरं, या जाऊन."

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला आणि ते जिना उतरून गेलेसुद्धा. मग रोजचंच झालं. ते बेल वाजवायचे, मी 'जाऊन या' म्हणायचे, मामा वेळेवर गिंडीला. मला मनातून बरं वाटायचं, उगीच कशाला खोटं बोलू? चार लोकांच्या उपयोगी पडल्यासारखं वाटायचं.

पण माझ्या जिभेला हाड नाही. एका रविवारी मामींकडे अडै, म्हणजे डाळ-तांदळाचा जाड डोसा, खाताना मी चेष्टेत म्हटलं, "मामी, तुमचं एक काम हल्ली मीच करते बरं का. मामांना रोज 'जाऊन या' मी म्हणते."

मामींचा तव्यावरचा हात थांबला. "काय म्हणतेस?"

मी सगळं सांगितलं. अडै तव्यावर करपत होता आणि मामींचा चेहराही. मला वाटलं, हसतील. कसलं काय!

"तूं कोण गं त्यांना 'जाऊन या' म्हणणारी?" त्या कडाडल्या. मग गॅस बंद करून एकदम खाली बसल्या. "मला वाटलें, ते मला न सांगतां जातात. डोळे उघडावेत तर माणूस नाहीं. मला राग आला. नाहीं सांगत तर नका सांगूं, म्हणून मी हें आणखीच लवकर घालून बसूं लागलें."

म्हणजे बघा. हे दारात ताटकळतात, उत्तर नाही म्हणून कष्टी. त्या खुर्चीत फुरंगटतात, सांगत नाहीत म्हणून. आणि मधल्या मध्ये मी पुण्य कमावतेय!

मामा बाहेर पेपर वाचत होते. मामी हेडफोन घेऊन तरातरा गेल्या आणि तो त्यांच्या पेपरवर आपटला. "हा घ्या. नवीनला परत पाठवा. मला नक्को."

एका तासासाठी बाईने आयुष्यभर वाट पाहिली होती आणि तो तास तिने एका झटक्यात देऊन टाकला. मला स्वतःचाच राग आला. मी पायात चपला सरकवत होते, एवढ्यात मामांचं बोलणं ऐकलं.

"नक्को," ते म्हणाले. "तूं तें घालून बसतेस तेव्हां तुझें तोंड कसें असतें ठाऊक आहे? आपलें लग्न झालें तेव्हां असें होतें. मी उगीच उत्तरासाठीं उभा नव्हतों राहत. बघत होतों." आणि मग, भलतंच बोलून गेल्यासारखे, घाईने म्हणाले, "अडै करपला काय?"

दुसऱ्या दिवसापासून नवी रीत सुरू झाली. मामा डबा घेऊन मामींच्या खुर्चीशी जातात. "जाऊन येतों." मामी म्हणतात, "जाऊन या." मग मामा स्वतः तो हेडफोन त्यांच्या डोक्यावर ठेवतात, गजरा चुरगळू न देता, बटण दाबतात आणि निघतात. पद्मनाभ खूश, मामी खूश. मी तेवढी बेकार झाले.

पण बेकार माणसाचे कान मोकळे असतात. त्यांचं दार उघडं असायचं आणि माझंही. माझ्या लक्षात आलं की हेडफोन घातल्यावर मामा लगेच जात नाहीत. चपला घालता घालता, मामींकडे पाठ करून, काहीतरी बोलतात. एकदा स्पष्ट ऐकलं. "लग्नांत तुझ्या वडिलांनीं हात जोडले तेव्हां मी बसूनच राहिलों. उठायला पाहिजे होतें." एवढं म्हणून जिना उतरले. दुसऱ्या दिवशी, "तूं पहिल्यांदा रसम केलेंस, त्यांत मीठ बरोबर होतें. आई बसली होती म्हणून मी बोललों नाहीं." तिसऱ्या दिवशी आणखी काही. रोज एक. समोर बसलेल्या बायकोला ऐकू येत नाही ह्या भरवशावर हा माणूस बोलत होता. तिला सांगून टाकावं असं फार वाटलं, पण एकदा तोंड पोळलेलं होतं.

परवा मामींना मेदूवड्याचं पीठ वाटून हवं होतं, म्हणून संध्याकाळी गेले. ग्राइंडर सुरू करायच्या आधी मी त्यांच्यासाठी हेडफोन घ्यायला गेले, तर बटण दाबून दिवा लागेना.

"मामी, ह्याचं चार्जिंग संपलंय. वायर कुठेय?"

"ती कधीच तुटली," मामी डाळ धुता धुता म्हणाल्या.

"म्हणजे? सकाळी मामा घालतात तेव्हा हा बंदच असतो?"

"बंदच."

"अहो, मग तो प्रेस? ती धाड् धाड्?"

"असतें की. त्यामुळें ते काय म्हणतात तें मधेंमधें नीट ऐकूं येत नाहीं."

मी हेडफोन खाली ठेवला. मामी डाळीतून डोकं वर काढेनात. कानांच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या.

"नवीनला सांगते मी," काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं. "दुसरी वायर पाठवून देईल."

ओल्या हाताने त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "त्याला सांगूं नक्को, कौमुदी. ते आत्तां कुठें आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत आलेत."