उभे राहिलेले सुभेदार
रिकाम्या एसटीत कुणी म्हातारा दांडी धरून उभा दिसला, की मला सांगलीच्या दवाखान्यातली ती दुपार आठवते. कंबरेच्या जुन्या दुखण्याचे पेशंट त्या दुखण्याला किती भितात, हे मोजायचं माझं काम होतं. वीस प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. खोलीत बामाचा वास होता आणि खिडकीच्या गजांवर बाजाराकडून आलेली हळदीची पूड. साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार बायकोला घेऊन आले होते. मी म्हटलं, "आबा, बसा की." "न्हाई, हुबं ऱ्हायची सवय हाय आमाला." छाती पुढे, हात पँटच्या शिवणीला टेकलेले. दुखायला लागलं की जीव घाबरतो का? "न्हाई." आता काहीतरी वाईट होणार असं वाटतं का? "न्हाई. लिवा शून्य." विसाव्या प्रश्नापर्यंत हेच. फौजी माणूस, मला कौतुकच वाटलं. 'भीती नाही' असा शेरा मारून मी मोकळी झाले. थोड्या वेळानं त्यांची बायको विसरलेली पिशवी न्यायला एकटीच परत आली आणि दाराशी हळूच म्हणाली, "ताई, आवं त्ये बसतच न्हाईत. उठताना कळ येती, त्येचं भ्या. जेवत्यात बी हुबं ऱ्हाऊन. येताना गाडी रिकामी, तरी साताऱ्यापास्नं हुबंच. मला म्हनले, ताईला सांगशील तर बग." मी पेन उचललं आणि परत ठेवलं, कारण उत्तर पेशंटचंच धरायचं, असा नियम होता. पुढच्या तारखेला ते आले नाहीत, नंतरही कधी नाहीत. माझ्या फाइलीत त्यांची भीती अजून शून्य आहे.