पाखरू खोकत नाही

आप्पांना दहा पावलांवरचा माणूस ओळखू यायचा नाही, पण धूर ओळखू यायचा. डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला आणि नाक मात्र तरण्या पोराचं. कारेगावात त्यांच्या दहा खोल्या होत्या आणि आम्ही कंपन्यांत कामाला जाणारे लोक तिथं भाड्यानं राहायचो. सातव्या खोलीत कुणी डासांची कॉइल पेटवली की पहिल्या खोलीपुढं बसलेले आप्पा काठी टेकत उठायचे आणि नेमके सातव्याच दारात जाऊन उभे राहायचे. कॉइल बादलीत बुडायची. दुसऱ्या दिवशी त्याच बिऱ्हाडाला आप्पांकडून नवी मच्छरदाणी यायची, त्यामुळं त्यांच्यावर फार वेळ चिडूनही राहता यायचं नाही.

हा सगळा खटाटोप पक्ष्यांसाठी. जमीन कारखान्यांखाली गेल्यावर रिकामं बसवेना म्हणून त्यांनी एक जोडी आणली होती, मी गेले तेव्हा ओट्यावर सहा पिंजरे टांगलेले होते. हिरवे, पिवळे, निळे बजरीगर. सगळं गाव त्यांना लव्हबर्ड म्हणायचं आणि आप्पा नुसतं पाखरं म्हणायचे. खोली दाखवताना त्यांनी नळ कुठं, लाइटचं बटण कुठं हे सांगितलं नाही. आधी विचारलं, घरात बिडी-सिगारेट कोण ओढतं का.

"माणूस खोकतो, दार उघडतो, भाईर पळतो," ते म्हणायचे. "पाखरू खोकत न्हाई. ते गप बसतं आन् मंग पडतं."

मिरचीची फोडणी घालायची तर पुढचं दार लावायचं आणि मागची खिडकी उघडायची. फरशी पुसताना फिनेल नको. नॉनस्टिक तवा रिकामा गॅसवर ठेवला तर त्याची वाफ पक्ष्याला विषासारखी, हे मला शिकलेल्या बाईला त्यांच्याकडूनच कळलं. शेजारच्या खोलीतल्या बिहारी मुलांना ते हिंदीतून बजावायचे, "रिकामा तवा मत तपाव, पाखरू मरता है." मुलं हसायची, पण तवा उतरवायची.

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक माझ्या सासूबाई. रोज सकाळी देवापुढं धूप हवाच. आप्पा त्यांच्याशी दोन दिवस वाद घालत होते. शेवटी सासूबाईच म्हणाल्या की देवाला लांबून ओवाळलं तरी पोचतं, आणि धुपाटणं उचलून मागच्या धुण्याच्या दगडाशी नेलं. तेव्हापासून त्या तिथंच उभ्या राहून, घराकडं तोंड करून धूप दाखवायच्या. मला तेव्हा त्याचं फक्त हसू यायचं.

निळू आमच्याकडं आला तो आप्पांच्या पिंजऱ्यातून. बाकीचे त्याला टोचून टोचून बेजार करायचे. "हा तुझा. पर माज्या वळीतच टांगायचा," आप्पा म्हणाले. त्याला मी माझा म्हणायचे, पण मी शिफ्टला जायचे, त्याला कोथिंबिरीची काडी द्यायच्या त्या सासूबाई. दुपारी त्या त्याला गावाकडच्या गोष्टी सांगत बसायच्या, हे मला शेजारणीकडून कळलं होतं.

एका अमावास्येला पहिली शिफ्ट करून मी घरी आले, तर निळू पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला होता. आप्पा शेजारी उभे होते. मी काही विचारायच्या आत त्यांनी पिंजऱ्याला नाक लावलं, हुंगलं आणि मान हलवली.

"धूप हाय पोरी. म्हातारीनं आज घरातच लावला आसंल. आवस हाय न्हवं."

त्या नाकावर माझा इतका विश्वास होता की मी चप्पलसुद्धा न काढता घरात गेले. काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगते, की शेवटी मी म्हणाले, तुमच्या देवापायी माझं पाखरू गेलं. सासूबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा लसूण सोलायला लागल्या. पंधरा दिवसांनी त्या कासुर्डीला धाकट्या दिरांकडं गेल्या. सणाला यायच्या, दोन दिवस राहायच्या, परत जायच्या. देवापुढं हातसुद्धा जोडायच्या नाहीत आमच्या घरात. नवऱ्यानं मला तोंडानं कधी दोष दिला नाही. पण आईचा फोन आला की तो बाहेर जाऊन बोलायचा.

अशी तीन वर्षं गेली. शिरूरला आमचा फ्लॅट झाला, सामान बांधायला आप्पांच्या बायको, आमच्या काकू, मदतीला आल्या. निळूचा रिकामा पिंजरा माळ्यावरून काढताना त्या सहज बोलून गेल्या. निळू गेला तेव्हा आमच्या दुसऱ्या बाजूची खोली रिकामी होती, नवा भाडेकरू यायचा होता म्हणून त्या दिवशी झुरळांचं औषध मारून घेतलं होतं. आप्पांनी आपले सहा पिंजरे एकेक करून गच्चीवर नेले, सहाव्याला त्यांची दमछाक झाली, पायरीवर बसले ते बसलेच. तोवर औषधवाल्यानं फवारा सुरू केला होता. "तुजा तेवढा राहिला बघ," काकू म्हणाल्या, आणि माझ्या तोंडाकडं पाहून गप्प झाल्या. मला हे ठाऊक असेल असं त्यांना वाटत होतं.

आप्पा पक्ष्यांना राळे घालत होते. मी विचारलं. त्यांनी नाकारलं नाही, ही एक गोष्ट त्यांच्या बाजूची.

"राहिला पोरी. दम निघंना मला."

मरण मी समजून घेतलं असतं. म्हातारा माणूस, जिना, सहा खेपा. तसं बोललेही मी. पण म्हटलं, आप्पा, आईंचं नाव का घेतलंत?

त्यांनी हातातला डबा बंद केला. मग म्हणाले, "घरच्या माणसावरचा राग निवतो. मी कोण, खोलीमालक. माज्यावरचा तुजा राग निवला नसता."

मला त्यांचा राग यायला हवा होता. त्याऐवजी फसवलं गेल्याचं दुःख झालं. ज्या माणसाच्या एका शब्दावर मी माझा स्वयंपाक बदलला, त्याच माणसानं एका शब्दात माझं घर मोडलं, आणि ते माझ्यावरच्या मायेपोटी, मला गमवायचं नाही म्हणून. मी त्यांच्या पाया पडले नाही. टेम्पो निघाला तेव्हा ते ओट्यावर उभे होते, त्या अंतरावरून त्यांना मी दिसत नव्हते हे मला माहीत होतं, तरी मी तोंड फिरवलं. मागच्या वर्षी आप्पा गेले. कळलं, पण मी गेले नाही. आजही फोडणी घालताना माझा हात आपोआप पुढच्या दाराकडं जातो आणि मला स्वतःचाच राग येतो.

शिरूरला सामान लागल्यावर पहिल्याच रविवारी मी कासुर्डीला गेले होते. सासूबाई अंगणात झेंडूची फुलं निवडत होत्या. मी शेजारी बसून सगळं सांगितलं, औषध, सहा पिंजरे, आप्पांचं खोटं. त्या फुलं निवडत ऐकत होत्या.

"म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या. "औषिदाचा वास मलाबी आला व्हता. मी त्या दिशी काडीसुदिक वढली नव्हती, आंगात कणकण व्हती."

"मग आई, तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू इचारलंस कुठं?" त्या म्हणाल्या. "तू तर आल्या आल्या सांगितलंस."