मेलेल्या फाईलवरचा पहारा

सकाळपासून आभाळ कोंदलेलं, वाऱ्याचा पत्ता नाही, आणि वेळापत्रक कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर दिवे लावूनच काम सुरू झालेलं. कानोसाबाईंनी आल्या आल्या पर्स खुर्चीला अडकवली आणि तिन्ही खोल्यांतल्या संगणकांपाशी एक चक्कर मारली, जनावरांपुढे वैरण पडली का बघावं तशी.

हे नाव त्यांना कार्यालयानंच ठेवलेलं. काम तसंच होतं. बसथांब्यांवर लागणाऱ्या वेळापत्रकांच्या फाईली तीन खोल्यांत, तीन तऱ्हेच्या यंत्रांवर दुरुस्त व्हायच्या. कुठे काही बदललं की त्याचा कानोसा घेऊन नवी प्रत छपाईकडे धाडणारा प्रोग्रॅम बाईंनी लिहिला होता. प्रोग्रॅम एक, पण सांभाळायच्या तऱ्हा तीन. विंडोज म्हणजे बोलभांड जाऊ, फाईल एकदा सेव्ह करा, ती तीनदा सांगणार. मॅक म्हणजे मोघम सासरे, "त्या खोलीत काहीतरी झालंय, बघून ये." लिनक्स बिचारा सरळ, पण दाखवाल तेवढंच बघणारा, कपाटाकडे बघ म्हटलं तर आतल्या खणाकडे ढुंकून बघणार नाही. म्हणून तिथे बाईंनी एकेका फाईलवर स्वतंत्र पहारा बसवला होता, आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता.

गेल्या आठवड्यात नेमकी त्या लिनक्सच्याच खोलीतून छपाईला जुनी प्रत गेली. बंद झालेली सकाळी सातची बस पाटीवर तशीच राहिली आणि पंचवीसेक माणसं तिची वाट बघत थांब्यावर तिष्ठली. साहेबांनी आवाज न चढवता सांगितलं, की आज चार वाजता सुधारलेली पानं जाणार. पुन्हा घोळ झाला तर प्रोग्रॅम बंद, बाई खाली चौकशीच्या खिडकीवर, आणि वर एक माणूस नेमायचा, जो दर दहा मिनिटांनी तिन्ही खोल्यांत जाऊन "काही बदललं का?" विचारेल. त्याच्यासाठी टेबल मागवलंही होतं. दिवसभर फिरणाऱ्याला टेबल कशाला, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

खिडकीची बाईंनी धास्ती घेतली होती. तिथल्या आधीच्या बाईंचा आवाज बसला तो पुन्हा उठलाच नाही. नवरा म्हणाला, बरंच झालं, दिवसभर तिथे बोललीस की घरी शांतता. त्यावर त्याला डबा मिळाला, पण झाकण आपटून.

लिनक्सच्या खोलीत मुद्रितं तपासणाऱ्या ताई बसत. स्वल्पविराम टाकला तरी सेव्ह करणार, अशी त्यांची शिस्त. बाई शेजारी स्टूल घेऊन बसल्या. ताईंनी पहिला बदल केला, प्रोग्रॅमनं पकडला. दुसरा केला, तो गप्प. तिसऱ्यालाही गप्प. "रुसला वाटतं," ताई म्हणाल्या. बाईंनी प्रोग्रॅम बंद करून चालू केला. पुन्हा पहिला बदल सापडला आणि पुढे सगळा आनंद. एक वाजेपर्यंत हेच चाललं. शेवटी डोकं बधिर झालं तेव्हा बाई चहाचा पेला घेऊन खाली दाराशी आल्या.

दारावरच्या काकांनी चेहरा बघूनच विचारलं, काय बिनसलं. बाईंनी सांगितलं, पहारेकरी ठेवलाय, पण त्याला एकदाच दिसतं, मग आंधळा होतो.

काका हसले. "माझंही तेच झालं होतं. साहेब म्हणाले, छपाईप्रमुख आले की वर कळवा. मी आपला त्यांच्या टकलाची वाट बघत संध्याकाळपर्यंत बसलो. त्यांची बदली झालेली, नवे प्रमुख दहालाच आत जाऊन बसलेले. पाटी तीच, माणूस दुसरा. मला काय ठाऊक?"

"मग?"

"मग काय, बाई. तेव्हापासून माणसावर नजर ठेवत नाही, दारावर ठेवतो. कोण आत गेलं, कोण बाहेर आलं, बास."

बाईंनी अर्धा चहा तिथेच ठेवला आणि जिना चढल्या.

काकांनी न बघता दुखणं ओळखलं होतं. ताई ज्यात मजकूर दुरुस्त करत तो एडिटर सेव्ह करताना जुन्या फाईलवर लिहीतच नव्हता. तो बाजूला नवी फाईल लिहायचा, जुनीला हाकलायचा आणि तिचं नाव नवीला द्यायचा. नाव तेच, फाईल दुसरी. आणि बाईंचा इमानी पहारेकरी मेलेल्या फाईलच्या उशाशी बसून ती कधी कूस बदलते याची वाट बघत होता.

बाईंनी तिथला पहारा उठवला आणि फोल्डरच्या दारावर बसवला. आता उलट झालं, एका सेव्हमागे चार बातम्या. कोण आलं, कुणी नाव बदललं, कोण गेलं, सगळी भाऊबंदकी. मग बाईंनी त्या बातम्या अर्धा सेकंद अडवून, चारींचा मिळून एकच निरोप पुढे जाईल अशी सोय केली. तीन वाजून दहा मिनिटांनी ताईंनी स्वल्पविराम टाकला, काढला, पुन्हा टाकला. तिन्ही वेळा प्रोग्रॅम बोलला.

चारला पानं गेली. साहेबांनी छपाईतून आलेली पहिली प्रत चष्मा कपाळावर चढवून वाचली. सातची बस पाटीवरून उतरली होती. खिडकीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. "बघा," ते ताईंना म्हणाले, "दम दिला की यंत्रंसुद्धा सुधारतात."

ताईंचा माउस दुपारपासून अडखळत होता, तो बाईंनी उलटा केला आणि टाचणीनं त्यातला धाग्यांचा गुंता काढायला बसल्या.