ढावलो

आर्णीच्या पुढं, डोंगराला लागून असलेल्या त्या बंजारा तांड्यावर आम्ही नाच पाहायला गेलो ते बादलमुळं. बादल माझ्या नवऱ्याबरोबर शिकलेला. तांड्यातल्या बायांचं नाचाचं पथक त्यानंच उभं केलं होतं आणि त्यात सगळ्यांत पुढं असायची त्याची आई, मानीबाई.

भर दुपारी आरशांचे घागरे घातलेल्या बाया गोल धरून, वाकून टाळी देत फिरत होत्या. मग डफ थांबला. बादल म्हणाला, "आता ढावलो. लेक सासरी निघाली का गळ्यात पडून गाते अन् रडते, तो." मानीबाईनं सुनेला, बबिताला, मिठी मारली आणि गळा काढला. तिच्या गालांवरून खरंच पाणी वाहत होतं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

नंतर ती निंबाखाली गुडघे चोळत बसली होती. मी पाणी नेऊन दिलं.

"तुम्ही खरंच रडलात," मी म्हटलं.

"हो बाई. आता इथंच येते रडू."

ती पाणी प्यायली. मग आपणहून सांगू लागली. तिची धाकटी बहीण जमनी बाभुळगावकडं दिलेली. उन्हाळ्यात ती गेली. मानीबाई पोचली तेव्हा जमनीची लग्न झालेली लेक ममता धावत येऊन गळ्यात पडली. त्यांच्यात मयतीलाही बाया अशाच गाऊन रडतात. मोठी मावशी सुरुवात करील म्हणून सगळ्या थांबल्या होत्या.

"मी सुरू केलं. पण तोंडातून तेच निघे, कार्यक्रमातलं. तिथंच दम घेतला, तिथंच कपायाले हात लावला. मले वाटलं, आता लोक टाळ्या वाजवतीन. मंग आवाजच बंद झाला. ममताले वाटलं, मावशीले धक्का बसला. डोयात एक थेंब नाही आला बाई, माह्या सख्ख्या बहिणीसाठी."

"बादलला सांगितलंत?"

"सांगितलं. म्हटलं, ढावलो काढून टाक. तो म्हणे, 'याडी, लोक तेच तर पाह्याले येतात.' वाईट नाही तो. बबिताले शिकवून पाह्यलं त्यानं. तिले हासू येते. अन् मी बसली तर बाकीच्या बायाही घरी बसतीन. त्यानं तरी काय करावं?"

इतक्यात शाळेजवळ एक गाडी येऊन थांबली. कळंबहून चिंतामणीचं दर्शन घेऊन आलेली मंडळी उतरली. बादलनं लांबूनच आईला हाक दिली, "याडी, पावणे आले."

बबिता येऊन तिच्या केसांतलं चांदीचं लेणं नीट करू लागली. मानीबाईनं मान खाली घालून ते करू दिलं. मग जमिनीला हात टेकून उठली आणि बायांच्या गोलात जाऊन उभी राहिली.

आमची गाडी त्यांच्या गाडीमागं अडकली होती, म्हणून आम्ही थांबलो. ढावलो आला तेव्हा मी तोंड फिरवलं, पण आवाज ऐकू येतच होता.

दिवाळीनंतर बादल यवतमाळला भेटला. ममताच्या मुलीचं लग्न नुकतंच झालं होतं. ढावलो गाऊन नवरीला निरोप द्यायला मानीबाई गेलीच नव्हती.

"गुडघे दुखतात म्हणे," बादल म्हणाला. "इकडं तर रोज नाचते. काहून नाही गेली, मले समजलंच नाही."

मी सांगायला तोंड उघडलं होतं. पण त्याचा फोन वाजला आणि तो रविवारच्या पाहुण्यांशी बोलू लागला.